भोंगा, सोंड आणि डबा

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही पाच मजले धावत चढून आला आहात. छाती भात्यासारखी वरखाली होते आहे. आता एका बोटाने एक नाकपुडी दाबा आणि उरलेल्या एकीनेच श्वास घ्या. कसं वाटतं? भोवती हवा भरपूर आहे, पण आत पुरेशी येतच नाही. गाडीच्या इंजिनाचंही अगदी असंच होतं. पेट्रोल जळायला हवा लागते. हवा जितकी मोकळेपणाने आत जाईल, तितका गाडीला जोर येतो. म्हणून गाडीलाही एक नाक असतं. आधी धूळ अडवणारी जाळी, तिला फिल्टर म्हणतात, आणि तिच्यामागे हवा इंजिनापर्यंत नेणारी नळी. ही गोष्ट अशाच एका नाकाची आहे. आता बोट काढा आणि माझ्याबरोबर गॅरेजमध्ये चला.

गॅरेज उताराच्या रस्त्याच्या टोकाशी होतं. आत शिरलं की डाव्या हाताला पान्यांची फळी, उजवीकडे पत्र्याचं हिरवं कपाट, आणि मधोमध जमिनीत बसवलेले दोन जाडजूड लोखंडी रूळ. गाडीची चाकं त्या रुळांवर ठेवायची आणि गाडी जागच्या जागी पळवायची. रूळ फिरवताना किती जोर लागला ते शेजारच्या पडद्यावर उमटतं. तो जोर अश्वशक्तीत मोजतात.

शनिवारी सकाळी आठ वाजता त्या रुळांवर एक निळी, दोन दारांची गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी वही घेऊन बिट्टी उभी होती. बिट्टी अकरा वर्षांची. बोलणं मोजकं, लिहिणं भरपूर. दुधाला उकळी यायला किती वेळ लागतो, जिन्याला पायऱ्या किती, शेजारचं मांजर दिवसातून किती वेळा शिंकतं, सगळं तिच्या वहीत. गॅरेजचे म्हातारे उस्ताद तिला कारकूनबाई म्हणायचे, आणि तिला ते मनातून आवडायचं.

गाडी तिच्या आत्याची होती. आत्या दातांची डॉक्टर. आठवडाभर पांढरा कोट घालून लोकांना तोंड उघडायला सांगायची आणि सुट्टीच्या दिवशी शिरस्त्राण घालून डोंगरावर गाडी पळवायची. शहराबाहेरच्या घाटात दरवर्षी शर्यत होई. एकेक गाडी सोडायची आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत लागलेला वेळ मोजायचा. तीन मिनिटांच्या आत जो पोचेल त्याला वरच्या गटातल्या शर्यतींचा परवाना. गेल्या वर्षी आत्याला तीन मिनिटं आणि वर चार दशांश सेकंद लागले होते. चार दशांश सेकंद म्हणजे तुम्ही डोळ्याची पापणी मिटून उघडता ना, जेमतेम तेवढं. पुढच्या वर्षापासून इतक्या जुन्या गाड्यांना तिथे बंदीच होणार होती. म्हणजे उद्याची, रविवारची शर्यत हुकली तर या गाडीला आणि आत्याला पुन्हा संधी नव्हती.

पापणीएवढा वेळ वाचवायचा कसा, यावर उस्तादांचं म्हणणं पक्कं होतं. इंजिन धडधाकट आहे, फक्त त्याचं नाक चोंदलेलं आहे. नवं नाक बसवू. त्यांनी तीन नाकं मागवून ठेवली होती आणि खोकी उघडल्या उघडल्या बिट्टीने त्यांची बारशी करून टाकली.

पहिला भोंगा. उघडा, शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर, आखूड नळीला लावलेला. तो बॉनेटखाली इंजिनाच्या शेजारीच बसायचा. दुसरी सोंड. लांबलचक वाकडी नळी, इंजिनापासून निघून खाली पुढच्या बंपरच्या मागे उतरणारी, आणि तिच्या टोकाला फिल्टर. तिसरा डबा. फिल्टर चारही बाजूंनी बंद पेटीत, पेटीला रबरी कडेचं झाकण, आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीतून पेटीत हवा आणणारी एक रुंद पन्हळ. भोंगा देखणा होता. सोंड ऐटबाज होती. डबा मात्र डब्यासारखाच दिसत होता.

उस्तादांच्या गॅरेजात एक रीत होती. कुठलाही भाग बसवून मोजायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज हिरव्या कपाटाच्या दारावर खडूने लिहायचा. नंतर खोडाखोड नाही, आणि ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणायला जागा नाही. ज्याचा अंदाज चुकेल त्याने चहा करायचा. उस्तादांनी लिहिलं भोंगा. आत्याने भोंगा, आणि कारण विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं की त्याचा आवाज छान असतो. उस्तादांची लेक, जी पडदा आणि कॉम्प्युटर सांभाळायची आणि जिला बिट्टी ताई म्हणायची, तिने लिहिलं सोंड. बिट्टीने बराच वेळ खडू हातात धरला आणि लिहिलं डबा.

“का गं?” ताईने विचारलं.

बिट्टीला कारण सांगता येईना. तो बिचारा एकटाच राहिला होता, एवढंच तिला वाटलं होतं.

“दया आली म्हणून अंदाज करत नसतात,” उस्ताद म्हणाले. “पण लिहिलंय ना, मग राहू दे. चहात साखर बेताची घाल.”

मग मोजणी सुरू झाली. आता उस्तादांचं काम बघणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? बिट्टी तोंडात बोट घालून बघत राहायची. पाना शोधायला ते कधी फळीकडे बघत नसत. हात मागे जाई आणि नेमका हवा तोच पाना घेऊन येई. नळीवरचा क्लॅम्प, म्हणजे नळी आवळून धरणारं पोलादी कडं, ते दोन बोटांनी फिरवून घट्ट झालंय की नाही ते सांगत. कानाने त्यांना इंजिनाचं पडसं कळायचं. तीस वर्षं ते गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी असेच वाकून उभे राहिले होते, एक हात कमरेवर, नजर रबरी नळ्यांवर. कुठली नळी फुगते, कुठली थरथरते, हे त्यांना धावत्या इंजिनात बघायचं असे.

आत्या आत बसून गाडी पळवी, ताई पडदा बघे, आणि गाडीच्या काचेपाशी लावलेल्या छोट्या चौकोनी पडद्यावरचा आकडा वाचून लिहिणं हे बिट्टीचं काम. त्या पडद्याला जोडलेला तापमापक हवेच्या नळीत होता. इंजिनात शिरणारी हवा किती गरम आहे ते तो दाखवायचा. समोर मोठा पंखा घोंघावत होता. ताईने तिला बजावून सांगितलं होतं की आकडा दिसला नाही तर जागा कोरी ठेव, पण चुकीचा लिहू नकोस. कोरी जागा भरता येते, चुकीचा आकडा सगळ्यांना फसवतो.

जुन्या नाकाने गाडीने एकशे शहाण्णव अश्वशक्ती दिली. डब्याने दोनशे एक. सोंडेने दोनशे दोन. भोंग्याने दोनशे पाच, आणि वर असा काही हुंकार दिला की आत्याने गाडीतून उतरताना दोन्ही हात गालांवर ठेवले. हवेचा आकडा प्रत्येक वेळी तीस-एकतीसच्या आसपास. बिट्टीच्या वहीत सगळं ओळीने उतरलं.

“आकडा बोलला,” उस्ताद म्हणाले आणि भोंग्याचे क्लॅम्प आवळून टाकले. त्यांना जरा शेखी मिरवायची हुक्की आली होती. “डॉक्टरबाई, तुम्ही जन्मभर लोकांना आ करायला लावलंत. आता मी तुमच्या गाडीला आ करायला लावलं.”

ताई आणि बिट्टी चहा करायला गेल्या.

संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पायथ्याशी तपासणी होती. तिथले तपासनीस गाडीत काय बसवलंय ते लिहून घेत आणि क्लॅम्पवर रंगाचा ठिपका देत. ठिपका पडला की शर्यत संपेपर्यंत तो भाग बदलायचा नाही. अजून बराच वेळ होता. आत्या म्हणाली, चल बिट्टे, गल्लीला एक वळसा घालून येऊ, याचा आवाज रस्त्यावर कसा लागतो बघू.

उस्तादांनी बॉनेट लावलं. धप्प. दोघी निघाल्या.

आवाज खरंच सुरेख होता. वळणावर फळवाल्याने मान वळवून बघितलं. पण बिट्टीला सवयीने पडद्याकडे बघितल्यावाचून राहवलं नाही, आणि पडद्यावर एकतीस होते ते पहिल्या सिग्नलला चाळीस झाले. तिने लिहिले. दुसऱ्या सिग्नलला अठ्ठेचाळीस. बँकेच्या चौकात पाच मिनिटं खोळंबा झाला, तिथे सत्तावन्न. तिने सकाळचं पान उलटलं. सकाळच्या पानावर प्रत्येक ओळीत तीस-एकतीस होते. म्हणजे सकाळचे आकडे तिने चुकीचे वाचले होते की काय?

गॅरेजमध्ये परत आल्यावर आत्या उस्तादांना हात हलवून हलवून सांगत होती की आवाज काय, उठाव काय. पुढे हेही म्हणाली की चढावर जरा दम लागल्यासारखा वाटला, पण ते तिच्याच पायाचं असेल. उस्ताद हसत होते. बिट्टी कोपऱ्यात टायरवर बसून दोन पानं शेजारी शेजारी धरून बघत होती.

आकडे इतके का बदलले ते तिला समजेना, आणि दुसरी एक गोष्ट समजत होती म्हणून ती गप्प होती. तिचा अंदाज डबा होता आणि तो हरला होता. आता ती भोंग्याविषयी काही बोलली, तर सगळ्यांना वाटणार, हरली म्हणून कुरकुरतेय. आणि उस्तादांना सांगायचं तरी काय? ज्यांना कानाने इंजिनाचं पडसं कळतं त्यांना?

ती उठली आणि गाडीजवळ गेली. बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पत्रा भाजत होता. बॉनेटच्या फटीतून वाफेसारखी ऊब येत होती. बिट्टीला वाटलं, बिचारा भोंगा आत या उबेत बसलाय, आणि हीच हवा ओढतोय. आणि मग तिला आठवलं. कधीकधी ती पांघरूण डोक्यावरून घेऊन आत टॉर्च लावून गोष्ट वाचत असे. पहिली दोन पानं मजेत जातात. मग आतली हवा कोमट होते, जड होते, आणि नाक बाहेर काढावंच लागतं. तिच्या डोक्यात लख्ख झालं. आकडे दोन्ही खरे होते. सकाळचेही आणि आत्ताचेही.

तिने वही छातीशी धरली आणि मोठ्या माणसांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“उस्ताद आजोबा,” ती म्हणाली, “आपण मोजलं तेव्हा बॉनेट उघडं होतं.”

ताईने वडिलांकडे बघितलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघितलं. उस्तादांनी हात पुढे केला. बिट्टीने वही दिली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, एकतीस, चाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तावन्न असं बोटाने खाली खाली वाचत गेले, आणि परत वर गेले.

आता गरम हवेचं तुम्हाला सांगायला हवं. हवा तापली की पसरते. एका पेल्यात थंड हवा जितकी मावते, तितकी गरम हवा मावत नाही. इंजिनाचा पेला मात्र तेवढाच राहतो. म्हणजे नाक कितीही मोठं असलं तरी गरम हवेत प्रत्येक घोटाला हवा कमीच पोटात जाते. सकाळी बॉनेट उघडं असताना भोंग्याला सगळ्या गॅरेजची हवा मोकळी होती, वर समोरून पंखा. रस्त्यावर कोण बॉनेट उघडं ठेवून गाडी चालवतो?

“तीस वर्षं,” उस्ताद हळू म्हणाले. “नळ्या दिसाव्यात म्हणून मी ते उघडं ठेवतो. तीस वर्षं मी नळ्या बघतोय.”

“बाबा, किती गाड्यांना तुम्ही भोंगे लावलेत?” ताईने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा होती, पण बेताची.

“आत्ता नको मोजू,” ते म्हणाले. “त्याला वेगळी वही लागेल.”

तुम्ही असे उस्ताद फार पाहिले नसतील. चूक दाखवली की माणसं आधी आवाज चढवतात, मग कारणं देतात, मग दाखवणाऱ्याचं वय विचारतात. उस्तादांनी यातलं काही केलं नाही. ते कपाटाकडे गेले, दारावरचे चारही अंदाज आणि त्यांच्याखाली मांडलेले चारही आकडे ओल्या फडक्याने पुसले, आणि घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजून गेले होते. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

“परत,” ते म्हणाले.

“तिन्ही?” आत्याने विचारलं.

“चारही. जुन्यापासून. आधीचं एकही माप मी मानत नाही. आणि या वेळी बॉनेट लावून.” मग ते बिट्टीकडे वळले. “कारकूनबाई, शर्यतीत गाडी सोडायच्या आधी काय होतं?”

बिट्टी म्हणाली की रांग असते. गेल्या वर्षी आत्या रांगेत अर्धा तास उन्हात उभी होती.

“मग आपणही रांग लावू.”

आणि त्यांनी खरोखरच रांग लावली. गाडी पळवायची, मग पंखा बंद करून इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं तशीच उभी करायची, मग पुन्हा पळवायची. असं प्रत्येक नाकाला तीनदा. नाक बदलायला सकाळी अर्धा तास लागला होता, आता बाप-लेकींनी तो पंधरा मिनिटांवर आणला. एक क्लॅम्प सोडवत असताना दुसऱ्याचा हात आधीच खाली असे. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. गरम नळीने ताईचं मनगट पोळलं, तिने ते नळाखाली धरलं आणि ओल्याच हाताने परत आली. आत्याच्या केसांतून घाम ओघळत होता, कारण पंखा बंद असताना काचा लावून बसणं काही सोपं नव्हतं. बिट्टीने एकही जागा कोरी सोडली नाही.

जुन्या नाकाने एकशे पंच्याण्णव दिले आणि तीनदा जवळपास तेवढेच. भोंग्याने पहिल्यांदा एकशे नव्व्याण्णव, दुसऱ्यांदा एकशे चौऱ्याण्णव, तिसऱ्यांदा एकशे नव्वद. म्हणजे रांगेत उभा राहिला की तो जुन्याहूनही मागे. डब्याने दोनशे, दोनशे आणि पुन्हा दोनशे. सोंडेने दोनशे दोन, दोनशे दोन, दोनशे दोन.

घड्याळात पावणेचार वाजले होते. सोंड बसवलेलीच होती आणि तीच जिंकली होती. आत्याने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, चला, ठरलं.

उस्ताद मात्र गाडीच्या पुढ्यात उकिडवे बसून बंपरखाली बघत होते. सोंडेचं टोक जमिनीपासून वीतभर उंचीवर होतं. त्यांनी आत्याला विचारलं की घाटात पाणी कुठे लागतं का. तिसऱ्या वळणावर झरा आहे, ती म्हणाली, रस्त्यावरून वाहतो. कधी नुसता ओला डाग असतो, कधी घोटाभर पाणी. रविवारी काय असेल ते रविवारीच कळणार.

“तुमच्या पिशवीत एखादी सिरिंज आहे का, डॉक्टरबाई? बिनसुईची.”

दातांच्या डॉक्टरच्या पिशवीत ती असतेच. उस्तादांनी ती बिट्टीला दिली. म्हणाले, दट्ट्या मागे ओढ, आत नुसती हवा भर, तोंडावर बोट दाब आणि आता दट्ट्या आत ढकल. बिट्टीने ढकलला. तो स्प्रिंगसारखा अर्ध्यापर्यंत आत गेला. मग म्हणाले, आता पाणी भरून तसंच कर. बिट्टीने पाणी भरलं, बोट दाबलं आणि ढकललं. दट्ट्या तसूभर हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर केला. हलला नाही.

“हवा दबते,” उस्ताद म्हणाले. “पाणी दबत नाही. इंजिनात असाच दट्ट्या मिनिटाला सहा-सात हजार वेळा आत जातो. समोर पाणी आलं तर पाणी हटणार नाही. मग आतला एखादा लोखंडी दांडा वाकतो.”

आता निवड आत्याची होती. दोन अश्वशक्ती म्हणजे पापणीचा एखादा हिस्सा तरी नक्की, आणि तिला पापणीच हवी होती. तिने बराच वेळ गाडीकडे बघितलं. याचा अंदाज कपाटाच्या दारावर लिहिता येण्यासारखा नव्हता.

“गेल्या वर्षी झऱ्याला मी ब्रेक लावला होता,” अखेर ती म्हणाली. “गाडीची काळजी वाटली म्हणून. सोंड असली तर यंदाही लावीन. माझं मला माहीत आहे. डबा लावा, म्हणजे मी पाय उचलणार नाही.”

उस्तादांनी मान डोलावली. ही गोष्ट त्यांच्या रुळांना मोजता आली नसती, असं ते नंतर ताईला म्हणाले. डबा बसला. पाच वाजायला सात मिनिटं असताना पायथ्याशी तपासनिसाने क्लॅम्पवर पिवळा ठिपका दिला.

रविवारी पायथ्याशी ऊन रणरणत होतं. गाड्यांची रांग पार रस्त्यावरच्या कमानीपर्यंत गेली होती. आत्याच्या मागे एक पांढरी गाडी उभी होती, तिचा मालक काळ्या चष्म्याचा तरुण. त्याच्या बॉनेटखाली भोंगा होता, आणि दर थोड्या वेळाने तो अॅक्सिलरेटर दाबून तो वाजवून दाखवायचा. आत्याच्या बॉनेटखाली काय आहे ते त्याने तपासणीत पाहिलं होतं. त्याने नाक मुरडलं आणि विचारलं की काकू, जेवणाचा डबा आणलाय वाटतं. आत्या हसली. बिट्टीचे कान लाल झाले.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत आत्याला तीन मिनिटं आणि एक दशांश सेकंद लागला. एक दशांश. पांढऱ्या गाडीला तीन मिनिटं आणि आठ दशांश. दोघंही परत खाली येऊन रांगेत लागले, या वेळी पांढरी गाडी काही गाड्या मागे. मधे कुणाची तरी गाडी वळणावर बंद पडली आणि रांग पाऊण तास जागची हलली नाही. सगळ्या गाड्यांची बॉनेटं लावलेली, सगळी इंजिनं गुरगुरत, पत्र्यांवरून हवा थरथरताना दिसत होती. दुसऱ्या फेरीत एकेकाचा वेळ वाढत चालला. कुणाचा दोन सेकंदांनी, कुणाचा तीन. आत्या निघाली तेव्हा बिट्टी डोंगराकडे बघत नव्हती. ती उस्तादांच्या हाताकडे बघत होती, कारण घड्याळ त्यांच्या हातात होतं.

झऱ्याला त्या दिवशी घोटाभर पाणी होतं. सोंड लावली असती तर पाणी आत गेलंच असतं असं मी म्हणणार नाही. कुणी सांगावं? एवढं मात्र खरं की त्या वळणावर उभ्या असलेल्या पंचांनी नंतर सांगितलं, निळ्या गाडीने पाण्यात ब्रेकचा दिवा लावलाच नाही.

माथ्यावरून कर्ण्यावर आकडा आला. दोन मिनिटं, एकोणसाठ सेकंद, पाच दशांश.

उस्ताद खाली बसले. तिथेच, रस्त्याच्या कडेच्या दगडावर. ताईने त्यांचा खांदा दाबला. बिट्टीने वही उघडली, आकडा लिहिला, आणि लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं.

पांढरी गाडी अजून रांगेत होती. तिच्यापुढे आणखी चार गाड्या. काळ्या चष्म्याचा तरुण आता भोंगा वाजवत नव्हता. चष्मा काढून तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता आणि पुढच्यांचे वाढलेले वेळ ऐकून त्याचा चेहरा पडला होता. त्यालाही पापणीच हवी होती, दोन पापण्या, आणि ती कुठे हरवते आहे हे त्याला कळत नव्हतं. भाग बदलायला बंदी होती, ठिपका पडला होता. पण रांगेत उभं असताना बॉनेट उघडू नये असा काही नियम नव्हता.

बिट्टीने उस्तादांकडे बघितलं. ते घड्याळ पुसत होते. तिने मोडकी पेन्सिल वहीत खोचली, रस्ता ओलांडला, आणि पांढऱ्या गाडीच्या उघड्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

“काका,” ती म्हणाली, “जरा खाली उतरून बॉनेटवर हात ठेवून बघता का? जपून हं. भाजेल.”